हॉमलेट : कल्पनेतल्या खेड्यात माणसे राहायला आली तेव्हा (थ्रेड)

१/८
ड्रॅगन, जादूगार आणि भुयारातले खजिने यांच्या खेळात एका लहानशा खेड्याचे महत्त्व ते काय? १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द व्हिलेज ऑफ हॉमलेट' या छोट्या पुस्तिकेने या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते जाणून घेण्यासारखे आहे.

२/८
गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ युद्धखेळांत होते. टेबलावर मांडलेल्या लढाईत घर म्हणजे सैनिकांचा आडोसा. त्यात कोण राहते, हे कोणी विचारत नसे.

३/८
मूळ नियमांच्या तिसऱ्या पुस्तिकेच्या नावातच पाताळ आणि अरण्य यांतील साहसे होती, गाव नव्हते. गावात यायचे ते दोर, मशाली, शस्त्रे घ्यायला आणि जखमा बऱ्या करायला.

४/८
गायगॅक्सने रचलेल्या हॉमलेटमध्ये मात्र नकाशावरील क्रमांकांमागे माणसे आहेत. शेतकरी, विणकर, सुतार, लोहार, गिरणीवाला. घरात कोण कोण आहे, गावाच्या रक्षणासाठी शस्त्र कोण उचलतो, कोणाची श्रद्धा कशावर आहे, याच्या नोंदी आहेत.

५/८
श्रद्धेची नोंद विशेष बोलकी आहे. निसर्गपूजकांचा जुना धर्म आणि संत कथबर्टचे नवे देवालय एकाच गावात नांदतात. खेळाडूंनी मदतीसाठी आधी कोणाचे दार ठोठवावे, यालाही त्यामुळे अर्थ येतो.

६/८
गावाला भूतकाळही आहे. जवळचे दुष्ट शक्तींचे मंदिर पूर्वी युद्धात पाडले गेले. ती भीती अजून सरलेली नाही, म्हणून गावाशेजारी गढीचे बांधकाम चालू आहे. गावातले व्यापारी शत्रूचे हेर आहेत आणि मद्यपी भासणारा शेतकऱ्याचा मुलगा गावाचा गुप्त रक्षक. विश्वास कोणावर ठेवावा, हेच पहिले साहस ठरते.

७/८
युद्धखेळाची सवय मात्र पुरती सुटली नव्हती. शेतकऱ्याची लढण्याची ताकद आणि त्याने दडवलेली नाणी यांचाही हिशेब पुस्तिकेत आहे. लुटारू वृत्तीच्या खेळाडूला तेवढेच दिसते.

८/८
आज स्वतःचे गाव रचणाऱ्याला पन्नास घरांची गरज नाही. पाच घरे पुरतात. पण ती कशावर जगतात, कशाला भितात आणि शेजाऱ्यापासून काय लपवतात, हे ठाऊक हवे. मग गावावर हल्ला झाल्याची वार्ता आली की खेळाडू आधी खजिन्याबद्दल विचारत नाही. गिरणीवाला जिवंत आहे का, हे विचारतो.