'विक्रांत'चा गोतावळा

'विक्रांत' मी पहिल्यांदा पाहिली ती संग्रहालय म्हणून. १९९७ च्या जानेवारीत ती नौदलातून निवृत्त झाली आणि पुढे काही वर्षं मुंबईच्या बंदरात लोकांना पाहण्यासाठी खुली होती. एका सुट्टीत मी लेकीला घेऊन गेलो होतो. त्या सातशे फूट लांबीच्या बोटीच्या डेकवर उभी राहून ती म्हणाली, "अब्बा, एवढ्या मोठ्या बोटीला कोण बुडवणार?" मी हसून वेळ मारून नेली. खरं तर मलाही तसंच वाटत होतं. पुढे तिच्याबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं, की १९७१ साली आपल्या नौदलाला रात्रंदिवस नेमकी हीच काळजी होती.

विमानवाहू नौका म्हणजे तरंगता विमानतळ, असं आपण शाळेत शिकलो. ते खरं आहे, पण अर्धंच. जमिनीवरचा विमानतळ बुडत नाही. हा बुडू शकतो, आणि त्याच्यासोबत विमानं, वैमानिक आणि हजारावर खलाशीही. म्हणून अशी नौका कधी एकटी निघत नाही. तिच्याभोवती एक गोतावळा चालतो. कुणी पाण्याखालच्या पाणबुडीचा कानोसा घेत पुढे जातो, कुणी आकाशाकडे तोफा रोखून जवळ राहतो. नौकेची स्वतःची विमानंही शंभर-शंभर मैलांवर जाऊन समुद्र न्याहाळतात. विमान उडताना किंवा उतरताना पाण्यात पडलंच, तर वैमानिकाला उचलायला एक हेलिकॉप्टर बाजूला घिरट्या घालत असतं. मारा विमानं करतात, पण ती उडावीत म्हणून बाकी सगळे राबत असतात.

ही रीत आपल्याला परकी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या एका सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबतं असावीत, असं सांगितलं आहे. तोफा वाहणारी जड गुराब आणि तिच्याभोवती चपळ गलबतं. (गुराब हा शब्द अरबीतला. तिथे त्याचा अर्थ कावळा. समुद्रावरच्या त्या काळ्या बोटीला हे नाव देणारा माणूस थोडा कवी असला पाहिजे.)

१९७१ साली 'विक्रांत'चा गोतावळा लहानच होता. विमानांवर मारा करू शकणाऱ्या 'ब्रह्मपुत्रा' आणि 'बियास' या ब्रिटिश बनावटीच्या फ्रिगेट, पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या 'कामोर्टा' आणि 'कवरत्ती' या रशियन बनावटीच्या छोट्या नौका, शिवाय किनाऱ्यावर सैन्य उतरवणारी काही जहाजं. बोट चालवायची ती कॅप्टन स्वराज प्रकाश यांनी. समुद्रावरच्या साऱ्या ताफ्याचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल एस. एच. सर्मा, आणि विशाखापट्टणमच्या कचेरीतून पूर्वेकडची सूत्रं हलवणारे व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन. बोटीचा कप्तान वेगळा आणि ताफ्याचा धनी वेगळा, ही व्यवस्था मुद्दाम असते. एकाने आपली बोट पाहावी, दुसऱ्याने सगळ्यांची जुळणी.

पण खरं दुखणं बोटीच्या पोटात होतं. १९७० साली 'विक्रांत'च्या बॉयलरमधल्या पाण्याच्या ड्रमना भेगा पडल्याचं आढळलं. वेल्डिंगने त्या बुजण्यासारख्या नव्हत्या. नवे ड्रम इंग्लंडहून यायचे होते आणि युद्ध तर दारात आलेलं. बोट मुंबईत धरून ठेवावी, असं म्हणणारे होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत होती, तेव्हा पाकिस्तानने ती बुडवल्याची बातमी देऊन टाकली होती. या खेपेला नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदा यांना ती युद्धात हवी होती. मग चारपैकी तीनच बॉयलर वापरायचे ठरलं. त्यांना बाहेरून पोलादी पट्टे आवळले, वाफ कुठे फुटते का हे दिसावं म्हणून निरीक्षणाच्या खिडक्या बसवल्या आणि वाफेचा दाब कमी ठेवला. ताशी चोवीस नॉट धावणारी बोट चौदावर आली.

चौदा नॉट म्हणजे काय, ते विमान उडवणाऱ्याला विचारा. विमानवाहू नौका वाऱ्याच्या तोंडावर वळते आणि जोरात धावते. वाऱ्याचा वेग आणि बोटीचा वेग यांची बेरीज विमानाच्या पंखांखाली मिळते. उरलेला धक्का कॅटापुल्ट देतो. हा कॅटापुल्टही वाफेवरच चालणारा. म्हणजे पंखे फिरवायला लागणारी वाफ आणि विमान फेकायला लागणारी वाफ त्याच आजारी बॉयलरकडून यायची. वारा पडला, की बॉम्ब लादलेलं विमान उडवणं जिवावरचं काम. अशा बोटीवर सी हॉक जेट आणि पंख्याची अलिझे विमानं घेऊन हे लोक निघाले होते.

त्यांच्या मागावर होती 'गाझी'. बंगालच्या उपसागरापर्यंत येऊ शकणारी पाकिस्तानची ही एकमेव पाणबुडी. नोव्हेंबरच्या मध्यावर ती कराचीहून निघाली, ती मुख्यतः 'विक्रांत'साठी. नावांची गंमत पाहा. विक्रांत म्हणजे पराक्रमी, गाझी म्हणजे युद्ध जिंकणारा वीर.

कृष्णन यांनी 'विक्रांत'ला अंदमानातल्या एका निर्जन खाडीत लपवलं आणि तिच्या जागी एक सोंग उभं केलं. 'राजपूत' ही दुसऱ्या महायुद्धातली थकलेली विनाशिका विशाखापट्टणमजवळच्या समुद्रात 'विक्रांत' म्हणून वावरू लागली. तिच्यावरून मोठ्या ताफ्याला शोभतील इतके बिनतारी संदेश सुटत. गावातल्या कंत्राटदारांकडे धान्य, भाजी, मांस यांच्या मोठाल्या मागण्या गेल्या, म्हणजे बाजारात कुजबुज व्हावी. आईच्या प्रकृतीची चौकशी करणारी एका खलाशाची तारही मुद्दाम उघडी पाठवली. या साऱ्या डावपेचात मला ती तारच सगळ्यात खरी वाटते.

३ डिसेंबरच्या मध्यरात्री 'गाझी' विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. आतले नव्वदहून अधिक जण गेले. 'राजपूत'ने टाकलेल्या स्फोटकांनी ती बुडाली, असं आपण म्हणतो. तिच्याच सुरुंगांचा स्फोट झाला, असं पाकिस्तान म्हणतो. वाद आजही मिटलेला नाही.

४ डिसेंबरला 'विक्रांत'वरून आठ सी हॉक कॉक्स बाजारवर गेली आणि त्याच दिवशी चितगाववर. पुढे खुलना, मोंगला. १० डिसेंबरपर्यंत हे हल्ले चालू होते. काही विमानांना जमिनीवरून सुटलेले गोळे लागले. सी हॉक स्क्वाड्रनचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता आणि कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळालं. ढाक्यातल्या सैन्याची समुद्राकडची वाट बंद झाली आणि १६ डिसेंबरला शरणागती झाली.

भीती उगाच नव्हती, हे मात्र पश्चिमेला कळलं. ९ डिसेंबरला दीवजवळ पाणबुडी शोधायला गेलेली 'खुकरी' पाकिस्तानच्या 'हँगोर' पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. तोच पाणतीर 'विक्रांत'ला लागला असता तर? महिन्याच्या मध्याला अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी 'एंटरप्राइझ' उपसागराकडे आली. वजनात 'विक्रांत'च्या चौपट. तिच्याभोवतीही विनाशिका होत्याच, सैनिक वाहणारी 'त्रिपोली' होती, दारूगोळा आणि तेल पुरवणारी जहाजं होती. एवढी बलाढ्य बोटसुद्धा एकटी आली नाही.

२०१४ साली 'विक्रांत' लिलावात विकली गेली आणि दारूखान्यात तोडली गेली. तिचं पोलाद मोटारसायकलींपर्यंत पोचलं. मुंबईत तिचं एक छोटं स्मारक आहे. २०२२ साली त्याच नावाची, कोचीत बांधलेली नवी नौका आली. 'राजपूत' त्याआधीच भंगारात गेली होती. 'गाझी' मात्र अजून विशाखापट्टणमसमोर समुद्राच्या तळाशी आहे, आणि तिच्यातले बहुतेक जण तिच्यातच.