बट्टा, हुंडणावळ आणि परदेशातील खरेदी

मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथील माहिती-तंत्रज्ञान उद्यानातून अनेक कर्मचारी कामानिमित्त परदेशी जातात. तेथे क्रेडिट कार्डावर केलेल्या खरेदीच्या हिशेबात वस्तूच्या किमतीखेरीज आणखी एक आकार त्यांना आढळतो. हा आकार नवा वाटला, तरी त्यामागील प्रश्न पौड खोऱ्यातील रयतेच्या पूर्वपरिचयाचा आहे. त्याची उकल करण्यास दोन जुने मराठी शब्द साहाय्यभूत होतात.

पेशवाईत रुपया एकच नव्हता. अंकुशी, चांदवडी, सुरती असे निरनिराळे रुपये चालत आणि त्यांचा कस, वजन व झीज यांत भेद असे. महसुलाची आकारणी एका नाण्यात व्हावी आणि रयतेच्या हाती दुसरे नाणे असावे, असे झाले म्हणजे मूल्यातील फरक भरून द्यावा लागे. हा फरक म्हणजे बट्टा. नाण्याचे न्यून दाखविणारा हा शब्द पुढे 'नावाला बट्टा लागणे' अशा प्रयोगात माणसाच्या अब्रूलाही लागला.

हुंडणावळीची जात निराळी. शिवणावळ, धुणावळ यांप्रमाणे येथेही '-णावळ' हा प्रत्यय कामाचे मोल दर्शवितो. एका पेठेतील पैसा दुसऱ्या पेठेत हुंडीने पोहोचविण्याबद्दल सावकार जे घेई, ती हुंडणावळ. मागणीप्रमाणे तिचा दर चढे-उतरे हे खरे. परंतु बट्टा नाण्यामुळे पडे आणि हुंडणावळ सेवेबद्दल द्यावी लागे, हा भेद मूलभूत होय.

१८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा समान रुपया कंपनीच्या मुलखात रूढ झाला व देशांतर्गत बट्ट्याचे क्षेत्र आकुंचित होत गेले. हुंडणावळीचा अर्थ मात्र विस्तारला. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. त्या काळातील मराठी चर्चेत हुंडणावळ म्हणजे दोन देशांच्या चलनांचा परस्पर दर, असा अर्थ रूढ होता. पुढे 'विनिमय दर' हा शब्द आला आणि सेवेचे मोल सांगणारा जुना शब्द मागे पडला.

आता आजचा हिशेब पाहू. परदेशातील खरेदीचे १०,००० रुपये झाले आणि बँकेचा आकार ३.५ टक्के असला, तर ३५० रुपये होतात. त्यांवर १८ टक्के कराचे ६३ रुपये मिळून ४१३ रुपये अधिक पडतात. चलनांतील फरक दरातच मिटलेला असतो. तेव्हा हा आकार बट्टा नसून हुंडणावळच होय. काही कार्डांवर तो मुळीच घेतला जात नाही, यावरूनही तो चलनाची अपरिहार्यता नसून सेवेचे ठरविलेले मोल आहे, हे स्पष्ट होते.

याउलट, परदेशी दुकानदार 'रुपयांत द्याल काय?' असे विचारतो, तेव्हा सेवेचे मोल दरातच मिसळलेले असते आणि तो दर बहुधा महाग पडतो. येथे हुंडणावळ बट्ट्याचे रूप घेऊन येते. अशा वेळी त्या देशाच्या चलनातच पैसे देणे सामान्यतः हिताचे.

शब्द लोपले म्हणून व्यवहार लोपत नाही. त्यातील भेद तेवढा दिसेनासा होतो. ज्याला तो दिसत नाही, त्याला आपण कशाचे मोल देत आहोत हे विचारताही येत नाही. रयतेला निदान बट्टा कशाबद्दल पडतो, हे ठाऊक असे.