पीतबिंदूचा ऱ्हास : मोतीबिंदूच्या समजुतीआड दडणारा दृष्टिनाश

उतारवयात नजर अंधूक होऊ लागली की भारतीय कुटुंबांत पहिला संशय मोतीबिंदूचा घेतला जातो आणि तो बहुधा खराही ठरतो. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशातील पन्नाशीपुढील व्यक्तींमध्ये अंधत्वाच्या ६६.२ टक्के प्रकरणांचे कारण मोतीबिंदू हे होते. मात्र याच समजुतीमुळे वयोमानानुसार होणारा पीतबिंदूचा ऱ्हास, म्हणजेच ‘एएमडी’ हा विकार अनेकदा उशिरा लक्षात येतो. मोतीबिंदूमुळे मंदावलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुतांशी परत मिळते. पीतबिंदूच्या ऱ्हासाने गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.

विकाराचे स्वरूप

डोळ्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू (मॅक्युला) हा लहानसा भाग असतो. वाचणे, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्याच्या आधारे होतात. या भागाचा ऱ्हास झाल्यास समोरचे दृश्य पुसट होते. कडेची नजर मात्र शाबूत राहते. त्यामुळे रुग्ण घरात सहज वावरतो, परंतु बसचा क्रमांक किंवा समोरच्या माणसाचा चेहरा त्याला ओळखता येत नाही.

या विकाराचे दोन प्रकार आहेत. बहुसंख्य रुग्णांत आढळणाऱ्या ‘कोरड्या’ प्रकारात दृष्टिपटलाखाली ‘ड्रुझेन’ नावाचे पिवळसर कण साचतात आणि दृष्टी वर्षानुवर्षे हळूहळू क्षीण होते. ‘ओल्या’ प्रकारात दृष्टिपटलाखाली नाजूक, सदोष रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यांतून रक्त व द्रव पाझरतो. हा प्रकार कमी आढळत असला तरी काही आठवड्यांतच मध्यवर्ती दृष्टी हिरावून घेऊ शकतो. कोरड्या प्रकाराचे रूपांतर ओल्यातही होऊ शकते.

वाढते वय, धूम्रपान, आनुवंशिकता आणि उच्च रक्तदाब हे प्रमुख धोके मानले जातात. यांपैकी धूम्रपान टाळणे पूर्णतः व्यक्तीच्या हाती आहे.

लक्षणे व घरगुती चाचणी

दाराची चौकट किंवा वहीतील रेघा वाकड्या दिसणे आणि नजरेच्या मध्यभागी काळपट डाग जाणवणे ही महत्त्वाची लक्षणे होत. एक डोळा बिघडला तरी दुसरा उणीव भरून काढतो. म्हणून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासावा लागतो. त्यासाठी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांच्या नावाने ओळखला जाणारा चौकटींचा तक्ता वापरतात. वाचनाचा चष्मा लावून तक्ता सुमारे ३० सेंटिमीटरवर धरावा, एक डोळा झाकावा आणि मधल्या ठिपक्याकडे पाहावे. रेघा वाकड्या वा तुटक दिसल्यास काही दिवसांतच दृष्टिपटलतज्ज्ञांना दाखवावे. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याची सवय येथे घातक ठरते.

उपचार

ओल्या प्रकारात सदोष रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध डोळ्यात टोचले जाते. अमेरिकेत २००६ मध्ये रॅनिबिझुमॅबला मान्यता मिळाल्यानंतर या उपचाराचे चित्र पालटले. कर्करोगासाठी विकसित झालेले बेव्हॅसिझुमॅब हे तुलनेने स्वस्त औषधही डोळ्यासाठी वापरले जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत वर्षभरानंतर दोहोंचा परिणाम जवळपास समान आढळला. भारतात २०१५ पासून देशी बनावटीचे रॅनिबिझुमॅबही उपलब्ध आहे. इंजेक्शने सुरुवातीला साधारणतः दरमहा व पुढे गरजेनुसार दीर्घकाळ घ्यावी लागतात. ती मध्येच सोडल्यास मिळालेला लाभ गमावला जाऊ शकतो.

कोरड्या प्रकारात गेलेली दृष्टी परत आणणारा उपचार अद्याप रूढ झालेला नाही. मध्यम टप्प्यातील रुग्णांत विशिष्ट जीवनसत्त्वे व जस्त यांच्या मिश्रणाने विकार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे २००१ मध्ये अमेरिकी संशोधनात दिसून आले. त्यातील बीटा कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून २०१३ पासून त्याऐवजी ल्युटीन व झियाझँथिन सुचवले जाते. निरोगी व्यक्तींना या गोळ्यांचा लाभ सिद्ध झालेला नाही.

कुटुंबीयांची भूमिका

दृष्टी क्षीण झालेल्या काही रुग्णांना प्रत्यक्षात नसलेली माणसे वा नक्षी दिसते. ‘चार्ल्स बोने लक्षणसमूह’ म्हणून ओळखली जाणारी ही अवस्था वेडाचे लक्षण नव्हे; तरी वेड्यात काढले जाण्याच्या भीतीने अनेक वृद्ध ती लपवतात. अशा वेळी धीर देऊन तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. भिंग, ठळक अक्षरे आणि पुरेसा प्रकाश यांच्या साहाय्याने दैनंदिन कामे बरीचशी सुकर होतात.

पन्नाशीनंतर ठरावीक काळाने बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असली तरी ही तपासणी टाळू नये. कारण पीतबिंदू दुबळा असल्यास, भिंग बदलूनही समोरचे स्पष्ट दिसेलच असे नाही.