धूळपाटी ते अंगणवाडी: बारामती-इंदापुरातील अक्षरओळख आणि अंकओळख

बारामती आणि इंदापूरच्या गावांत एकोणिसाव्या शतकात मुलाची अक्षरओळख पंतोजींच्या शाळेत होत असे. शाळा म्हणजे एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा सोपा. पंतोजींना मोबदला शिध्याचा किंवा थोड्या पैशांचा. मूल सहा-सात वर्षांचे झाले की चांगला मुहूर्त पाहून त्याला शाळेत बसवीत. तोवर घरात कानावर पडेल तेवढेच ज्ञान.

साधन धूळपाटीचे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि मुलाचा हात धरून तिच्यावर अक्षर गिरवून घ्यायचे. फळी हलवली की पाटी कोरी. हात बसल्यावर बोरू आणि शाई. भर मोडीवर असे, कारण दप्तर मोडीत. पोथ्यांची बाळबोध त्यामानाने मागे राही.

गणिताचा खरा भार पाठांतरावर होता. पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची रांग येई. सव्वा आणा शेर दराने सात शेरांचे किती, याला सवायकी येणारा मुलगा बोटे न मोजता 'पावणेनऊ आणे' म्हणे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते तोवर हे पाठांतर निरर्थक मुळीच नव्हते. बाजार, वतन आणि सावकारी यांना लागेल तेवढे गणित, अशीच त्या अभ्यासक्रमाची आखणी होती. शिकणारी मुले मात्र बहुतेक ब्राह्मण आणि व्यापारी घरांतली. कुणब्यांची मुले थोडी, मुली जवळजवळ नाहीत.

या उणिवेची किंमत याच मुलखाने मोजली. इंग्रजी अमदानीतली नवी जमीनमोजणी प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने इंदापुरात केली. ती फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ पासून पुन्हा मोजणी करून तीस वर्षांचे दर बांधले. सारा रोखीने भरायचा, त्यासाठी कर्ज काढायचे आणि न वाचता येणाऱ्या खतावर अंगठा उठवायचा, हा क्रम पडला. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते मुख्यतः वह्या आणि खते हस्तगत करण्यासाठी. पुढे दंगा इतरत्र पसरला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांत मोडी, बाळबोध, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवण्याची मागणी केली, तिला असा संदर्भ होता.

पंतोजींची जागा हळूहळू सरकारी आणि लोकल बोर्डाच्या शाळांनी घेतली. धुळीऐवजी दगडी पाटी आली, छापील अंकलिपी आली. दसऱ्याला पाटीवर १ च्या आकड्यांनी सरस्वती काढून पूजा करण्याचा प्रघात घरोघरी रुजला. 'ई ईडलिंबू'तले ईडलिंबू ज्यांनी कधी पाहिले नाही, अशा कितीतरी पिढ्या त्या फळावर ई शिकल्या. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली आणि आण्यांच्या हिशेबाबरोबर पावकी-निमकीची गरजही ओसरली. अंकलिपीच्या मागच्या पानांवर ती तरीही बरीच वर्षे छापली जात होती.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा वेगळा विचार सुरू झाला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या प्रयत्नांतून. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी जन्मली. खडे, बिया, पाने मोजायची आणि आकडा नंतर लिहायचा. याच विचारामागच्या माँटेसोरी पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते. धूळपाटीशी याचे नाते उघड आहे, फक्त इथे पंतोजींची छडी नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. या योजनेत पोषण आणि लसीकरणाशेजारी शाळापूर्व शिक्षणही आहे.

अंकांच्या वाचनाचा वाद अलीकडचा. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी उच्चारला जातो, लिहिताना दोन आधी. म्हणून मुले २७ ऐवजी ७२ लिहितात. यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनपद्धती आली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले, पण टीकाही भरपूर झाली.

बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत मात्र आणखी एक अडचण आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या गळीत हंगामात बीड-अहिल्यानगरकडचे ऊसतोड कामगार कोयता घेऊन येतात. त्यांच्या लहान मुलांची नावे मूळ गावच्या अंगणवाडीत असतात आणि मुले फडाजवळच्या कोपीत असतात.