हेडफोनचा भाऊबंद स्विचयार्डात

ऊर्जानगर ही चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. 2920 मेगावॅटच्या या केंद्रातून 400 केव्हीच्या तारा निघतात, आणि अशा तारांवरून विजेच्या जोडीने माणसांचं बोलणंही जात आलं आहे, हे वीज खात्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. स्विचयार्डात तारेच्या टोकाशी पिंपाएवढं एक वेटोळं टांगलेलं दिसतं. तो वेव्ह ट्रॅप. तो 50 हर्ट्झची वीज सुखेनैव पुढे सोडतो, पण काही लाख हर्ट्झच्या वाहक लहरीला अडवतो. शेजारचा कपलिंग कपॅसिटर मग ती लहर तारेवरून उतरवून घेतो आणि कंट्रोल रूमच्या टेलिफोनपर्यंत पोहोचवतो. या व्यवस्थेला पीएलसीसी म्हणतात. तिच्या एका चॅनेलची रुंदी 4000 हर्ट्झ. याच वसाहतीत कुणी लॅपटॉपला ब्लूटूथ हेडफोन जोडून गाणं ऐकत असेल आणि मध्येच ऑनलाइन मीटिंग सुरू झाली, तर गाणं एकाएकी डबक्यात बुडाल्यासारखं वाजू लागतं. हेडफोन बिघडला, लॅपटॉप जुना झाला, स्वस्त माल घेतला, असे तर्क निघतात. माझं म्हणणं असं की तो आवाज बिघाडाचा नाही, कुळाचा आहे. स्विचयार्डातला टेलिफोन आणि मीटिंगमधला हेडफोन हे भाऊबंद आहेत, आणि दोघांच्या वाट्याला वडिलोपार्जित तेच 4000 हर्ट्झ आले आहेत.

आधी या मताला होणारा पहिला विरोध निकालात काढू. वीज केंद्राच्या आसपास कुठलंही यंत्र कुरकुरलं की बोट उच्चदाब तारांकडे जातं. त्यात तथ्य आहे, पण मिडियम वेव्ह रेडिओपुरतं. तारांभोवतीच्या कोरोनाचा, म्हणजे हवेत होणाऱ्या विद्युत विसर्गाचा, गोंगाट लाखांच्या आणि थोड्याफार दशलक्षांच्या हर्ट्झमध्ये जोरात असतो आणि वर जावं तसा ओसरतो. पीएलसीसीच्या लहरीही फार तर 500 किलोहर्ट्झपर्यंत जातात. ब्लूटूथ चालतं 2.4 गिगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच्या जवळजवळ पाच हजार पट वर. त्या पट्ट्यात खरा त्रास देतात ते घरातलेच. एक म्हणजे वाय-फाय. दुसरा लॅपटॉपचा यूएसबी 3 पोर्ट. त्या पोर्टाची जोडणी नेमका 2.4 गिगाहर्ट्झभोवती गोंगाट सांडते, हे इंटेलने 2012 मध्येच लिहून ठेवलं. पण या त्रासाचं लक्षण वेगळं. व्यत्यय आला की आवाज तुटतो, अडखळतो, क्षणभर गडप होतो. मीटिंगसाठी हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाल्यावरचा आवाज तुटत नाही. तो सलग असतो, फक्त त्याचा वरचा भाग कापलेला असतो. तुटणाऱ्या आवाजावर वाय-फाय 5 गिगाहर्ट्झवर नेणं किंवा ब्लूटूथचा डोंगल यूएसबी 3 च्या पोर्टापासून दूर करणं हे उपाय चालतात. कापलेल्या आवाजावर यातलं काहीच चालत नाही, कारण तिथे अडथळा नसतो, नियम असतो.

हा नियम कुठून आला? ब्लूटूथच्या जन्माची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: 1994 च्या सुमारास एरिक्सनमध्ये सुरुवात, 1998 मध्ये कंपन्यांची युती, आणि हॅराल्ड राजावरून घेतलेलं नाव. माझा रस त्या राजात नाही, पहिल्या विनिर्देशातल्या एका कलमात आहे. बोलण्यासाठीचा मार्ग सेकंदाला 64 किलोबिटचा ठेवा, आणि त्यावर आवाज पाठवायला ए-लॉ, म्यू-लॉ किंवा सीव्हीएसडी यांपैकी एक पद्धत घ्या, असं ते सांगतं. यातल्या पहिल्या दोन म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजची रोजची भाषा. भारतातले डिजिटल एक्स्चेंज ए-लॉवर चालत आले. त्यांचा हिशेब सरळ आहे. आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने, प्रत्येकी 8 बिट, म्हणून 64,000. हे 8000 का? कारण 4000 हर्ट्झची पट्टी पकडायला तिच्या दुप्पट नमुने लागतात.

इथे जाणकार अडवतील की ब्लूटूथ हेडसेट प्रत्यक्षात सीव्हीएसडी वापरतात, आणि ती एक्स्चेंजची पद्धत नव्हे. कबूल. फिलिप्सच्या ग्रीफकेस आणि रीमेन्स यांनी 1970 च्या सुमारास मांडलेली ती पद्धत लष्करी रेडिओत मुरली, कारण चार बिट इकडेतिकडे झाले तरी बोलणं समजतं. पण नेमकं इथेच माझ्या बाजूचं बळ आहे. लष्करी रेडिओवर हीच पद्धत 16 किंवा 32 किलोबिटमध्ये भागवत होती. ब्लूटूथने तिला 64 दिले. ज्या पद्धतीला हा आकडा लागतच नव्हता, तिलाही तो मिळाला, याचा अर्थ मार्गाचं माप आधी ठरलं आणि पद्धत नंतर त्यात बसवली. ते माप टेलिफोनचं.

मग मूळ 4000 कुणी ठरवले? इथे दोन घराणी भांडतात. एक म्हणतं, कानाने ठरवले. बेल कंपनीत हार्वे फ्लेचर यांच्या मंडळींनी अर्थहीन अक्षरं ऐकवून ऐकवून तपासलं की कुठल्या पट्टीशिवाय बोलणं समजेनासं होतं. त्यातून 300 ते 3400 ही खिडकी पुरेशी ठरली, असा त्यांचा दावा. दुसरं घराणं म्हणतं, खर्चाने ठरवले, आणि मी त्या बाजूचा. 1900 च्या सुमारास पुपिन आणि कॅम्पबेल यांच्या कामातून लांब टेलिफोन तारांवर ठरावीक अंतराने कॉइल बसू लागल्या. बोलणं दूरवर स्पष्ट जाऊ लागलं, पण एका मर्यादेच्या वरचं सारं तारेतच मरू लागलं. पुढे रूढ झालेल्या मांडणीत साधारण दर 1830 मीटरला 88 मिलिहेन्रीची कॉइल असे, आणि तिची मर्यादा येते 4000 च्या आसपास. 1930 च्या दशकाच्या अखेरीस बेलने एकाच तारजोडीवर बारा संभाषणं रचली, प्रत्येकाला 4000 हर्ट्झ देऊन. त्यातला आवाज 3400 ला थांबतो आणि शेजाऱ्याचा आवाज त्याच्या पट्टीत 300 ला सुरू होतो, म्हणजे मध्ये 900 हर्ट्झचं पडीक रान. ते कानासाठी नाही. फिल्टर एकदम उभा कापू शकत नाही, त्याला उतार लागतो, आणि जितका तीव्र उतार हवा तितका फिल्टर महाग. खालच्या 300 च्या मर्यादेचा एक फायदा तर ऊर्जानगरला चटकन पटेल: विजेच्या तारांची 50 हर्ट्झची घुंई आणि तिची खालची पटीतली भावंडं त्यामुळे टेलिफोनबाहेर राहतात.

कानाच्या घराण्याला माझा प्रश्न इतकाच की कानाने ठरवलं असतं तर ‘स’ बाहेर कसा राहिला? ‘स’चा बराचसा जोर 4000 च्या वर असतो. म्हणून तर टेलिफोनवर ‘सोडा’ आणि ‘फोडा’ यांत गफलत होते, आणि वीज केंद्रात ही गफलत परवडणारी नाही. फ्लेचर यांच्या चाचण्या खऱ्या आहेत, पण माझ्या मते त्यांनी तारेने आधीच घातलेल्या मर्यादेला नंतर मान्यतेचा शिक्का दिला. पीएलसीसीत तर काटकसर आणखी एक पाऊल पुढे जाते. तिथे 4000 मधला वरचा भाग संरक्षणाच्या आणि मोजमापाच्या संकेतांना देतात आणि माणसाच्या बोलण्याला उरतात 300 ते साधारण 2000 किंवा 2400 हर्ट्झ. हा भाऊबंद हेडफोनपेक्षाही गरीब.

गाण्याचा रस्ता ब्लूटूथमध्ये वेगळा आहे, आणि तो नंतर आला. ए-टू-डी-पी या 2003 च्या व्यवस्थेत एसबीसी पद्धतीने सेकंदाला सहसा 328 किलोबिटपर्यंत स्टिरिओ आवाज जातो. पण हा रस्ता एकेरी आहे, त्यावर मायक्रोफोनची परतवाट नाही. म्हणून कुठल्याही अ‍ॅपने हेडफोनचा माइक मागितला की लॅपटॉप रस्ता बदलतो आणि मोबाइलचं सोंग घेतो. ही दुसरी व्यवस्था, हँड्सफ्री, मोटारीत बसून मोबाइलवर बोलता यावं म्हणून बनली होती. यावर शेवटचा आक्षेप असा येतो की रेडिओचीच ताकद कमी, दोन्ही एकदम पेलणार कसं? पण बोलण्याचा दुतर्फा मार्ग त्याच्या सर्वांत काटकसरी रूपात वेळेचा एक तृतीयांशच खातो. शिवाय सीएसआर कंपनीच्या फास्टस्ट्रीममध्ये गाण्याच्या रस्त्यावरच माइकची परतवाट काढली होती. वाट निघत होती, प्रमाण व्यवस्थेने ती घेतली नाही.

म्हणून हेडफोनमधला आवाज बुडाल्यासारखा झाला की पहिली तपासणी माइकची. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून हेडफोनऐवजी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडावा. मॅकवरही तेच. लिनक्सवर हेडफोनचं प्रोफाइल ए-टू-डी-पीवर ठेवावं. मीटिंग संपली तरी आवाज सुधारत नसेल, तर ब्राउझरचा एखादा टॅब माइक धरून बसलेला असतो, तो बंद करावा. हेडफोनचा माइक वापरायचाच असेल, तर 2011 च्या हँड्सफ्री 1.6 ने नमुने दुप्पट करून 16,000 वर नेले आहेत. हेडफोन आणि लॅपटॉप दोघांनाही ते येत असेल तर ‘स’ थोडाफार परत मिळतो. एलसी-3 पद्धत वापरणारा एलई ऑडिओ 2020 च्या ब्लूटूथ 5.2 मधून आला. त्यात गाणं आणि माइक यांची एकच व्यवस्था आहे, पण त्यासाठी हेडफोन, लॅपटॉपची रेडिओ चिप आणि तिचा ड्रायव्हर असे तिघेही नवे लागतात. एक जरी जुना असला तरी जोडणी मुकाट्याने पुन्हा हँड्सफ्रीवर येते.