ल्हासातील पाच वर्षे

येशूसंघीय फादर अंतोनियो द आंद्रादे यांनी १६२४ साली पश्चिम तिबेटातील त्सापारांग गाठले व पुढे तेथे मिशन उभारले. ते फार काळ टिकले नाही. त्या तुटलेल्या धाग्याचे टोक शोधण्यासाठी १७१३ साली इटलीचे फादर इप्पोलितो देसिदेरी गोव्यात उतरले. वय अवघे अठ्ठावीस.

दिल्लीहून काश्मीर व लडाखमार्गे फादर मानुएल फ्रेर यांच्यासह ते १८ मार्च १७१६ रोजी ल्हासात पोहोचले. लेह येथेच मुक्काम करावा, असे देसिदेरींना वाटत होते. वडीलकी फ्रेर यांची, म्हणून पुढे जाणे भाग पडले. गंमत अशी, की ल्हासात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत फ्रेर हिंदुस्थानात परतले आणि देसिदेरी त्या उंच, गारठलेल्या नगरात एकटे उरले.

परक्या मुलखात बिऱ्हाड थाटणे म्हणजे केवळ छप्पर मिळवणे नव्हे. मंगोल राजा ल्हाझांग खानाने त्यांना घर करून राहण्याची व धर्म शिकवण्याची मुभा दिली. तथापि ते खरे रुळले भाषेत. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अभ्यास, आणि दिवसभर पोटात केवळ चहा, असा नेम त्यांनी जवळजवळ सहा वर्षे पाळल्याचे ते स्वतः नमूद करतात. ६ जानेवारी १७१७ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाला, त्यांनी खानाला आपला पहिला तिबेटी ग्रंथ अर्पण केला. वादविवादापूर्वी लामांचे ग्रंथ वाचा, असा सल्ला खानाने दिला. माझ्या मते असा सुज्ञ सल्ला मिशनच्या इतिहासात क्वचितच कोणी दिला असेल! देसिदेरींनीही तो मनापासून मानला. आधी रामोचे, मग सेरा या प्रख्यात मठात ते विद्यार्थी म्हणून राहिले. तेथील बिऱ्हाडात त्यांना मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक होती. एका बाजूस वेदी, दुसऱ्या बाजूस 'शून्यता' या गहन सिद्धान्ताच्या पोथ्या.

डिसेंबर १७१७ मध्ये झुंगार सैन्याने ल्हासा लुटले, खान मारला गेला. देसिदेरी दाग्पो प्रांतात आश्रयास गेले व लिहीतच राहिले.

मात्र हे बिऱ्हाड मोडले ते तलवारीने नव्हे, किंवा लामांच्या रोषानेही नव्हे. रोमच्या श्रद्धाप्रसार मंडळाने तिबेट १७०३ मध्येच कपुचिन संघाकडे सोपवला होता. कपुचिन बंधूंचा हक्क कागदोपत्री निर्विवाद होता, आणि त्यांच्याशी देसिदेरींचे सहजीवनही सलोख्याचे होते. परंतु पाच वर्षांत मिळवलेली भाषा कोणत्या कागदाने दुसऱ्याच्या हाती देता येते? वरिष्ठांचा आदेश आला आणि एप्रिल १७२१ मध्ये त्यांनी ल्हासा सोडले. रोममध्ये चाललेल्या दाव्याचा निकाल १७३२ साली येशूसंघाविरुद्ध लागला. पुढील एप्रिलमध्ये देसिदेरी निवर्तले.

त्यांचा तिबेटवृत्तान्त १९०४ पर्यंत छापला गेला नाही. तिबेटी हस्तलिखिते मात्र येशूसंघाच्या रोम येथील दप्तरखान्यात टिकून आहेत. ज्या विभागात ती ठेवली आहेत, त्याचे नाव 'गोवा'.