पासबुकावर शिक्का कुणाचा?

आजचा भाग छोटा आहे, पण थेट खिशाशी संबंधित आहे.

मी जळगाव जामोदचा. खानदेशातलं जळगाव नाही हं, सातपुड्याच्या पायथ्याचं, बुलढाणा जिल्ह्यातलं. माझ्या आजीने कापसाचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. एक दिवस संस्थेचं शटर खाली! आजी म्हणाली, "सरकारचा नंबर होता ना रे पासबुकावर?" होता की. पण तो नोंदणी क्रमांक होता, हमी नव्हे. हा फरक कळायला मला पार १८७५ पर्यंत मागे जावं लागलं.

त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. दंगा पसरला. सावकाराला पर्याय हवा, ही चर्चा पुढे वाढत गेली आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्यात प्रांताप्रांतात एक अधिकारी ठरला: निबंधक. संस्था नोंदवायची, हिशेब तपासायचे आणि वेळ आली तर ती बंदही करायची.

आज तेच काम १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालतं. वर पुण्यात सहकार आयुक्त, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, तालुक्याला सहायक निबंधक. कलम ८३ खाली चौकशी होते, कलम ८८ खाली जबाबदार संचालकांकडून नुकसानभरपाई ठरवता येते, आणि संस्था बुडालीच तर अवसायक नेमला जातो.

मग रिझर्व्ह बँक कुठे आली? १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांना बँकिंग कायदा लागू झाला. म्हणजे एका बँकेला दोन मालक! २०१२ मध्ये बुलढाणा जिल्हा बँकेला परवाना नाकारला तो रिझर्व्ह बँकेने. पतसंस्था मात्र या कक्षेबाहेरच राहिल्या. म्हणून बँकेतल्या ठेवीला आज ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

आजीचे पैसे? अवसायकाने थकबाकी वसूल करत करत थोडे थोडे दिले. शेवटचा हप्ता आला तेव्हा घ्यायला आजी नव्हती, सही मी केली.

तर दोस्तहो, आज घरातलं पासबुक काढा. बँक आहे की पतसंस्था, ते बघा. मल्टिस्टेट असेल तर तिचा निबंधक पुण्यात नाही, दिल्लीत बसतो. दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा, वार्षिक सभेला जा. सभासद म्हणून तो तुमचा हक्कच आहे.

भेटू पुढच्या भागात!